लाटेच्या काठाची सांधणी

धरमपुरीच्या लुगड्यांचा लाटेचा काठ एका इंग्रज मेमेने वाचवला आणि त्यात आमच्या घरच्या सुनेचा हात होता, असं आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात. पाहुणे आले की मला पुढे करतात. मी हसते, सुपारीची वाटी सरकवते आणि विषय बदलते. आता मला रागावतील अशी माणसं राहिली नाहीत, तेव्हा काय झालं ते एकदा लिहूनच टाकते. कौतुक करणाऱ्यांनी वाचलं तर पुढचं त्यांचं त्यांनी पाहावं.

माझं माहेर देवासचं. वडील तिथल्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या संस्थानाच्या, शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांना मुलगा नव्हता, आणि शिकवल्यावाचून त्यांना जेवण जात नसे, म्हणून मी शिकले. तेराव्या वर्षी माझं लग्न होऊन मी धारला आले तेव्हा मला इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता येत होतं आणि भाकरी येत नव्हती. सासूबाईंनी पहिलं लपवून ठेवलं आणि दुसरं गावभर सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी पटकीच्या साथीत नवरा गेला. मामंजी दरबारात कामदार, घरात बायकांना कडक गोशा, सदा पडद्यात. माडीवरच्या खोलीला एक खिडकी होती, तिला बारीक जाळी, आणि जाळीतून तलावाचा पंजाएवढा तुकडा दिसायचा. मी दिवसभर तेवढाच तुकडा बघायची. त्यात एखादी म्हैस आली तर माझा दिवस चांगला गेला असं समजायचं. तीन वर्षं असे दिवस काढले. लोक म्हणत, सून किती शांत आहे हो. मला तेव्हा रोज कुणाला तरी चावावंसं वाटायचं.

मग छावणीतून चिठ्ठी आली. तिथल्या एका साहेबाच्या बायकोला जुन्या कापडांचा नाद होता. जुन्या घरांतून ती फाटकी लुगडी मागून आणायची आणि कागदावर चौकोन आखून त्यांचे काठ उतरवून घ्यायची. एके काळी धरमपुरीला विणला जाणारा लाटेचा काठ तिला हवा होता. गिरणीची लुगडी आल्यापासून तो कुणी विणत नव्हता. तिला एक म्हातारा मोमीन विणकर सापडला, त्याला लहानपणी पाहिलेला काठ अर्धामुर्धा आठवत होता. त्याला आणि त्याच्या बायकोला तिने धारला आणून बंगल्याच्या आवारातल्या रिकाम्या पागेत माग घालून दिला. पण मेमेला हिंदी येत नव्हती आणि त्यांना इंग्रजी. बंगल्यावरच्या खानसाम्याकडून बोलणं चाले, त्याने पहिल्याच आठवड्यात विणकराला शिव्या दिल्या. तेव्हा इंग्रजी येणारी कुणी बाईमाणूस आहे का, अशी चौकशी मेमेने दरबारात केली.

माझं इंग्रजी दरबारात लपलेलं नव्हतं, आणि मामंजींना नाही म्हणता येईना. दरबारचीच मर्जी होती. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग अटी घातल्या. पडदा लावलेल्या दमणीतून, त्या हलक्या बैलगाडीतून, जायचं, तशीच परत यायचं. विणकर आणि मी यांच्यामध्ये चिकाचा, बांबूच्या काड्यांचा, पडदा. "आवाज कानी गेला तर चालेल, बोटसुद्धा दिसता कामा नये," असं ते भिंतीकडे बघून म्हणाले. शेवटी म्हणाले, "मेमेचं हे काम पुरं झालं की पुरे. मग दमणी बंद." सासूबाईंनी तर आणखी केलं. त्यांच्या आईच्या पेटीतलं एक लुगडं काढून दिलं, त्याला तो लाटेचा काठ अख्खा होता. मला वाटलं, त्यांनाही माझी दया आली असेल. पुढे कळलं की मेमेकडून घरच्या लुगड्याचं कौतुक व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिल्या दिवशी दमणीत बसले तेव्हा पडद्याच्या फटीतून मी रस्ता बघितला. कुणी मला विचारलं, आयुष्यात सुख कशाला म्हणतेस, तर मी अजून त्या फटीचं नाव घेईन. एक बाई शेण थापत होती, दोन गाढवं एकमेकांना खेटून उभी होती, एक हलवाई माशा हाकत होता. एवढंच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पागेत कामाची रीत अशी बसली. माग खड्ड्याचा होता. विणकर पाय खड्ड्यात सोडून चिकाच्या पलीकडे बसे. अलीकडे मी, मांडीवर मेमेचे चौकोनांचे कागद. त्याला कागद वाचता येत नव्हता, म्हणून काठाचे धागे मी मोठ्याने सांगायची. दोन उचला, एक सोडा, तीन उचला. तो माझा शेवटचा शब्द परत म्हणायचा आणि मगच धोटा टाकायचा. "तीन उचलो," आणि खट. मी चुकले तर तो काही म्हणत नसे, नुसता थांबे. त्याच्या गप्प बसण्यावरून मी चूक शोधायची. शेवटचा दिवस सोडला तर आठ महिन्यांत मी त्याचा चेहरा पाहिला नाही, पण त्याला कधी सर्दी झाली ते मला कळायचं.

त्याची बायको मात्र माझ्याच बाजूला बसे, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत. मी तिला चाची म्हणायची, ती मला बाईसाब. उंच, हाडाची बाई, एक दात पुढे. कांड्या भरता भरता ती मला धरमपुरीच्या गोष्टी सांगे: नर्मदेच्या घाटावर कापड कसं धुतात, पूर आला की माग कसा वर टांगतात, तिची एकुलती एक छोरी किती हट्टी आहे. मेम सकाळी एकदा यायची, गुडघे टेकून काठाला डोळा लावायची, आणि बरोबर असलं की टाळी वाजवायची. खुशीत आली की ती टाळी वाजवते, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. बाई मनाने चांगली होती. तिच्या कागदाशिवाय तो काठ परत आला नसता, म्हाताऱ्याच्या हाताशिवायही नाही. आणि बोलणं करायला मी नसते तर दोघं एकमेकांकडे बघत बसले असते. हे खरंच आहे आणि त्याचा मला अभिमान होता. घरी आल्यावर सासूबाई आधी न्हाणीघराकडे बोट दाखवायच्या, विटाळ नको म्हणून. मी डोक्यावरून पाणी घेताना मनात धागे मोजत असायची.

एका ताण्यावर चार लुगडी निघत आणि त्या काठामुळे एकेकाला महिना लागे. पहिल्या ताण्याचं चौथं लुगडं मागावर होतं तेव्हा कार्तिक लागला होता. त्या दिवशी चाचीने कांडी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "बाईसाब, छोरी को छठा लगा है. पहली बार है, उधर सास नी है उसकी, कोई नी है. ये ताना उतरे तो हमको घर जाना है. कल मेमसाब को बोल दो. नया सूत मत मंगवाना."

मी म्हटलं, "बोल दूँगी."

आता इथे मला म्हणता आलं असतं की दुसऱ्या दिवशी ऐन वेळी माझी जीभ घसरली. तसं झालं नाही. मी ते ठरवून केलं. सकाळी दमणीत बसताना मामंजींचे शब्द माझ्या कानात होते. ताणा उतरला, विणकर गेला, की काम पुरं. मग ती जाळी आणि पंजाएवढं पाणी, मरेपर्यंत. मी बावीस वर्षांची होते. फटीतून रस्ता बघत बघत मी वाक्य तयार केलं, वडिलांनी शिकवलं तसं, व्याकरणात कुठेही चूक नसलेलं.

मेम आली. चाची उठून उभी राहिली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि जे सांगायचं ते सगळं सांगितलं, छोरीचं, सहाव्या महिन्याचं, घरी जायचं. मेमेने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं की ताणा संपत आलाय, पुढच्या ताण्याचं सूत लवकर मागवावं अशी ह्यांची विनंती आहे.

मेमेने टाळी वाजवली. तिला विलायतेतल्या एका प्रदर्शनात ही लुगडी पाठवायची होती आणि चार तिला कमीच वाटत होती. "सांग तिला, मला फार आनंद झाला," ती म्हणाली.

मी चाचीकडे वळले. "मेमसाब बोलती है, एक ताना और. उसके बाद जाओ."

चाचीने मेमेच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "जी."

सूत आलं. नवा ताणा जुन्याला जोडायचा असतो, त्याला ते लोक सांधणी म्हणतात. जुनं कापड कापून घेतात, पण मागाच्या फणीच्या दात्यांतून आलेली जुन्या ताण्याची वीतभर टोकं तशीच मागावर ठेवतात. मग नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेक टोकाला राख लावून चिमटीत पिळायचा, म्हणजे नवा ताणा आपोआप फणीतून ओढला जातो. नाहीतर फणीचं एकेक घर नव्याने भरत बसावं लागतं, ते जिवावर येणारं काम. हजारावर धागे असतात. सांधणी बायकांचीच. त्या लोकांत आणखी एक रीत आहे. एकदा ताणा सांधला की तो विणूनच उठायचं. सांधलेला माग टाकून जाणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आणि गाव सोडायचं झालं तर फणी त्या टोकांसकट गुंडाळून बरोबर न्यायची, म्हणजे दुसरीकडे त्याच टोकांना पुढचा ताणा लागतो. चाचीच्या फणीतली टोकं तिच्या सासूच्या वेळेपासून अशी चालत आली होती. ताण्यामागून ताणा, मध्ये कुठे तुटलं नव्हतं.

तिने सहा दिवस सांधणी केली. मला बघवेना, म्हणून मी तिच्या शेजारी बसून पिळायला लागले. आधी माझे दोन सुटले, मग जमायला लागले. तिने मला नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मला वाटलं, आमची मैत्री आहे. अगदी असंच वाटलं. घरी सासूबाईंनी माझ्या नखांतली राख बघून विचारलं, "मेमेची भांडी घासतेस की काय गं?" मी हसले. त्या सहा दिवसांत मी किती खुशीत होते हे आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

पौषात धरमपुरीचा एक गाडीवाला घाट उतरून परत निघाला होता. चाचीने मला विचारलं, "हम अकेले चले जाएँ? पंधरा दिन को? मेमसाब से पूछ लो." ती गेली तर कांड्या कोण भरणार, माग बंद पडणार, आणि माग बंद म्हणजे दमणी बंद. मी सांगितलं की विचारते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मेम नको म्हणते. मी मेमेला काही विचारलंच नव्हतं. पहिल्या वेळी माझे हात थंड पडले होते. दुसऱ्या वेळी काहीच झालं नाही, याला मी जास्त भ्यायला हवं होतं.

माघात तोच गाडीवाला परत वर आला. पागेच्या दाराशी उभा राहून तो विणकराशी मालवीत बोलत होता, मी चिकाआड कागद मांडीवर घेऊन बसले होते. छोरी बाळंत झाली. तीन दिवस अडली होती. शेजारच्या बायका होत्या, पण त्यांना काही सुचलं नाही. ती वाचली. मूल राहिलं नाही. मुलगा होता.

चाची कांडी भरत होती. तिने ती भरून पुरी केली, टोपलीत ठेवली आणि दुसरी घेतली. विणकर परत मागावर येऊन बसला. मी काय करावं? मी आपलं कागदावर बोट ठेवून म्हटलं, "दो उठाओ, एक छोड़ो, तीन उठाओ."

तो काही म्हणाला नाही. मला वाटलं, मी चुकले. कागद परत बघितला, बरोबर होतं. मग खट, धोटा गेला. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत त्याने माझा शब्द परत म्हटला नाही. मी सांगायची आणि पलीकडून नुसता खट यायचा. चुकले की नाही ते मला कळायचं बंद झालं.

आई जवळ असती तर मूल वाचलं असतं का, मला माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्यात काही उरलं नाही. पण त्या आठवड्यात मला राहवेना. मी मेमेला सगळं सांगितलं. पागेच्या मागे बाकावर ती बसली होती, मी उभी होते. मी दोन्ही वेळचं खोटं सांगितलं, का केलं तेही सांगितलं, जाळीचं, दमणीचं. तिचं तोंड पांढरं पडलं. मग म्हणाली, "हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

मी म्हटलं, "हो."

ती मागाच्या दिशेने बघत राहिली. मग विचारलं, "ताण्यावर अजून किती उरलंय?"

मी सांगितलं, दीड लुगडं.

"आता जे व्हायचं ते होऊन गेलं," ती म्हणाली. "तेवढं पुरं करूनच जाऊ दे त्यांना. नाहीतर हे सगळं वाया जाईल, नाही का?" आणि मी मान हलवली. मला बरं वाटलं. आणखी दीड महिना दमणी चालणार होती. हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आज लिहिते.

फाल्गुनात शेवटचं लुगडं उतरलं. मेमेने आठही लुगडी टेबलावर मांडली, खिडक्या उघडल्या, आणि खरं सांगते, तो काठ बघून कुणाचंही मन भरून आलं असतं. पाणी हललं की जशी एकामागून एक रेघ उठते तसा होता, कुठे जोड दिसत नव्हता. ती लुगडी विलायतेला गेली. एक सोनेरी कडेचा कागद परत आला, तो आमच्या दिवाणखान्यात लागला. त्यावर माझं नाव नाही, म्हाताऱ्याचंही नाही, पण मामंजी तो सगळ्यांना दाखवत.

पण मी शेवटच्या दिवसाचं सांगत होते. विणकर बाहेर गाडीत सामान भरत होता. चाची मागाशी बसली होती, फणी गुंडाळायला. फणीतून वीतभर टोकं लोंबत होती. त्यांतली निम्मी मी सांधलेल्या धाग्यांची होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला वाटत होतं की आपण कबूल करू, ती रडेल, मी रडेन, आणि माझ्या छातीवरचं उतरेल.

"चाची," मी म्हटलं, "मेमसाब ने नहीं रोका था. दोनों बार मैंने झूठ बोला."

"मालूम है," ती म्हणाली.

"कब से?"

"पहले दिन से. जिसको मना करना हो वो ताली नी बजाता, बाईसाब."

मी विचारलं, "फिर तुम कुछ बोली क्यों नहीं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर मी धरून ठेवला असता. "किससे बोलती?" ती म्हणाली. "हमारी तरफ से बोलने वाली तो तुम ही थी. और तुम कामदार साब के घर की. तुमको झूठी कहके हम इस रियासत में कहाँ रहते?"

इतकी वर्षं मी स्वतःला कोंडलेली समजत होते. ह्या बाईच्या लेखी मी दारावरचा शिपाई होते, आणि ती मला आठ महिने तशीच भीत आली होती. माझ्या शेजारी बसून कांड्या भरत, गोष्टी सांगत, मला राख देत.

मग तिने कात्री घेतली. मला वाटलं, एखादा गुंता कापतेय. तिने फणीच्या अगदी कडेने कात्री लावली आणि टोकं कापायला सुरुवात केली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता. तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेला धागा होता तो. दाराशी म्हातारा आला. मध्ये चिक नव्हता, पण मी तोंड फिरवायचं विसरले, पण त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो घाबरून म्हणाला, "अरे, ये क्या कर रही है? घर जाके पूरी फणी फिर से भरनी पड़ेगी!"

"भर लूँगी," ती म्हणाली. उरलेले धागे तिने फणीतून ओढून काढले आणि जमिनीवर टाकले. रिकामी फणी फडक्यात बांधली, काखेत घेतली, मला सलाम केला आणि गाडीत जाऊन बसली.

माझ्या हातचा एकही धागा तिला घरी न्यायचा नव्हता. दमणीवाल्याने हाक मारली तेव्हा मी ते धागे गोळा करत होते.